हाकललेला डुक्कर जातो कुठे?

आमच्या गुंजीकडे पाऊस काय असतो ते खानापूर तालुक्यातल्या मुलांना सांगायला नको. पण भात पोटरीवर आले की पावसापेक्षा आम्हाला डुकरांची धास्ती. त्याच्या आदल्या वर्षी एका रात्रीत रानडुकरांनी आमच्या जंगलालगतच्या तुकड्यात लोळून लोळून लोंब्यांचा चिखल केला होता. तेव्हापासून बाबा रोज रात्री माळ्यावर. शनिवारी मी.

त्या सुमारास वर्गात सरांनी 'विचारमंथन' हा विषय काढला. ऑस्बॉर्न नावाच्या अमेरिकन जाहिरातवाल्याने ही पद्धत रूढ केली. त्याचे पुस्तक 1953 सालचे. नियम सोपे : सुचेल ते बोलायचे, जितके जास्त तितके बरे, दुसऱ्याच्या कल्पनेला आपली जोडायची, आणि मुख्य म्हणजे कुणाच्या बोलण्यावर तिथल्या तिथे टीका करायची नाही. सरांनी विषय मागितला. मी डुकरांचा दिला. सचिव म्हणून खडूही माझ्याच हाती आला.

वीस मिनिटांत फळा भरला. फटाके, पत्र्याचे डबे, जुन्या साड्यांचे कुंपण, रेडिओ, मिरचीचा धूर. बोलणारे मात्र तेच पाचजण, ज्यांचा आवाज कँटीनमध्येही मोठा असतो. इतक्यात मागच्या बाकावरून माझा एक मित्र उठला. त्याचे शिक्षण कन्नड माध्यमातले, मराठी जुळवून जुळवून बोलतो. तो म्हणाला, "सर, हाकललेला डुक्कर जातो कुठे?"

वर्ग हसला. अर्धे 'हाकललेला डुक्कर' या लिंगाला हसले, अर्धे प्रश्नाला. सर्वात मोठ्याने मी हसलो, आणि फळ्यावर ते लिहिलेच नाही. उपाय मागितला तर हा प्रश्न विचारतो! तो खाली बसला, आणि टीका करायची नाही हा नियम फळ्याच्या कोपऱ्यात माझ्याच अक्षरात तसाच राहिला.

शनिवारी माळ्यावर बसलो होतो. एकट्याने रात्र काढताना सुचते वगैरे म्हणतात, पण खरे सांगायचे तर आधी झोप येते, मग भीती वाटते. मध्यरात्रीनंतर खालून खसखस आली. मी डबा बडवला. काळे काहीतरी बांध ओलांडून गेले. मी समाधानाने घोंगडी ओढली. पंधरा मिनिटांनी शेजारच्या आप्पांचा डबा वाजला. मग पलीकडच्या शेतातला. मग पुन्हा आमच्यात खसखस. तिसऱ्या फेरीला मी ताडकन उठून बसलो. आम्ही तीन घरे रात्रभर एकच कळप एकमेकांच्या भातात ढकलत होतो! त्याच्या प्रश्नाचे उत्तर माझ्या कानांवर वाजत होते.

सकाळी आप्पांना सांगितले. ते म्हणाले, "हे आमच्या म्हाताऱ्यांना ठाऊक होतं की रे. तवा राखण एकच असायची. वाटण्या झाल्या, माळेबी वेगळे झाले." बाबा आणि आप्पा बांधावरून दोन वर्षे बोलत नव्हते. डुकरांचे निमित्त नसते तर त्या दिवशीही बोलले नसते. ठरले ते असे : तीन घरांची मिळून पाळी, माळा गावाच्या अंगाला, जंगलाची बाजू मोकळी. आवाज गावाकडून जंगलाकडेच करायचा. नुकसान अगदी थांबले असे नाही. दोनदा कळप आलाच. पण बाबा तीन रात्रींतल्या दोन रात्री घरी झोपले.

मी हे सरांना सांगितले, मित्राचे नाव घेऊन आणि माझ्या हसण्यासकट. सर म्हणाले, 1958 मध्ये येल विद्यापीठातल्या संशोधकांनी चौघाचौघांचे गट बसवले, आणि तितक्याच मुलांना वेगवेगळे बसवून त्यांच्या कल्पना नंतर एकत्र केल्या. वेगळे बसलेल्यांच्या कल्पना जवळजवळ दुप्पट भरल्या. एकजण बोलताना बाकीचे आपले विसरतात, शिवाय हसू होईल ही भीती असतेच. लक्ष्मणराव किर्लोस्करांचे उदाहरणही त्यांनी दिले. बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरुवात केलेल्या या माणसाने लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमिनीला विष बाधते अशी लोकांची समजूत. दोन वर्षे नांगर पडून राहिले. पुढे 1910 मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली ती मात्र एकट्याच्या बळावर नव्हे. नांगर हसण्यापलीकडे टिकला म्हणून आपल्याला ठाऊक आहे. जे टिकले नसतील ते कुणाला ठाऊक?

पुढच्या तासाला सरांनी पद्धत बदलली. पहिली दहा मिनिटे कुणी बोलायचे नाही, चिठ्ठीवर लिहायचे, नाव घालायचे नाही, भाषा कुठलीही. मग चिठ्ठ्या मिसळून वाचायच्या. त्या दिवशीचा विषय स्नेहसंमेलनाचा होता. चिठ्ठ्यांत अकरा कन्नडमध्ये निघाल्या. इतके दिवस हे अकराजण वर्गातच होते. वाचून दाखवताना माझीच फजिती झाली, कारण माझे कन्नड एसटीच्या पाट्यांपुरते.

मित्र मात्र माझ्याशी तुटकच होता. एका संध्याकाळी परतीच्या गाडीत तो समोरच बसला. मी सगळे सांगितले, माळा, तीन डबे, आप्पा आणि बाबा. माफीही मागितली. तो खिडकीबाहेर बघत ऐकत होता. मग म्हणाला, "मग शेवटी कुठे गेला डुक्कर?"

'गेलं' म्हण, असे माझ्या तोंडावर आले होते.

"जंगलात गेला," मी म्हणालो.