पडद्यावरचे धरण

माझ्या नोकरीची उमेदीची वर्षे सिलवासाजवळच्या खडोली गावात गेली. कृत्रिम सूत काढणाऱ्या एका कारखान्यात मी यंत्रांच्या देखभालीचा अभियंता होतो. दिवसभर यंत्रांच्या घरघरीत वावरलेला मनुष्य संध्याकाळी घरी येऊन पुन्हा यंत्रांचेच चित्र का पाहतो, असा प्रश्न माझी पत्नी मला नेहमी विचारीत असे. तिला समाधानकारक उत्तर मी अद्याप दिलेले नाही. फार तर एवढेच म्हणता येईल की, मिठाईच्या दुकानात काम करणाऱ्याला मिठाईचा कंटाळा येतो असे म्हणतात, ते सर्वांनाच लागू पडत नसावे.

हा नाद लहानपणचा. मी मडगावला वाढलो. त्या काळी मुख्य चित्रपटाआधी फिल्म्स डिव्हिजनचा एखादा अनुबोधपट दाखवावा असा थिएटरवाल्यांना नियमच होता. 1948 साली निघालेली ती संस्था आता वेगळी उरलेली नाही. राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात ती विलीन झाली. अनुबोधपट सुरू झाला की लोक बिडी ओढायला बाहेर जात, बायका मुलांना शेंगदाणे वाटीत, आणि मी मात्र खुर्चीच्या कडेवर सरकून बसे. पूल, धरणे, पोलादाच्या भट्ट्या! नायक-नायिकांची गाणी मी विसरलो. पण काँक्रीटची बादली तारेवरून दरी ओलांडते तो देखावा मला अजून स्वच्छ आठवतो. मी अभियंता झालो त्याचे निम्मे श्रेय त्या दहा-पंधरा मिनिटांच्या चित्रांना आहे.

आपल्याकडे ही परंपरा दादासाहेब फाळक्यांइतकी जुनी, हे मात्र मला फार उशिरा कळले. ‘राजा हरिश्चंद्र’ 1913 साली पडद्यावर आला. पण त्याच्याही आधी दादासाहेबांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ रोज थोडी थोडी टिपून कित्येक दिवसांचे काम क्षणांत दाखविले होते. पुढे 1917 साली चित्रपट कसा तयार होतो, यावरही त्यांनी एक पट काढला. वस्तू कशी घडते हे पाहण्यात देवादिकांच्या कथेइतकेच कुतूहल आहे, हे त्या गृहस्थाने ओळखले होते.

असो. 2006 सालच्या उन्हाळ्यात मी मुंबईहून एक चकती आणली. ‘सेव्हन वंडर्स ऑफ द इंडस्ट्रियल वर्ल्ड’ ह्या नावाची बी.बी.सी.ची मालिका 2003 साली निघाली होती, तिची डीव्हीडी. ब्रुकलिनचा पूल, पनामाचा कालवा, लंडनची गटारे अशा सात थोर कामांच्या कथा तीत नटांकडून वठवून सांगितल्या आहेत. शेवटचे आश्चर्य अमेरिकेतील कोलोरॅडो नदीवरचे हूवर धरण. माझा मुलगा तेव्हा अकरा वर्षांचा होता, आणि आई गोव्याहून आमच्याकडे दोन महिने राहायला आली होती. जेवणे आटोपली आणि आम्ही सगळे धरण पाहायला बसलो.

आरंभीच फजिती झाली. चकतीवरचे चित्र रुंद, आणि आमचा दूरदर्शन संच जुन्या घडणीचा, जवळजवळ चौकोनी. यंत्राची कळ कुठेतरी चुकीच्या जागी होती. त्यामुळे सारे चित्र दोन्ही बाजूंनी चेपून उभट झाले. फ्रँक क्रो हा मुख्य बांधकाम-अधिकारी बांबूसारखा किडकिडीत दिसू लागला, घोडे जिराफाच्या जातीचे झाले, आणि धरण तर आभाळाला लागले. मुलाने रिमोट घेऊन ते ठीक केले, तेव्हा वर-खाली काळ्या पट्ट्या येऊन चित्र आखडले आणि धरण एकदम ठेंगणे झाले. आईने विचारले, “ह्यांतले खरे केवढे?” मी म्हटले, “खरे 221 मीटर.” तिला त्या आकड्याने काही बोध झाला नसावा.

थिएटरातल्या चित्राला थांब म्हणता येत नसे. घरच्या चित्राला म्हणता येते, हा मला ह्या नव्या यंत्राचा सर्वांत मोठा गुण वाटला. मी मास्तरकी सुरू केली. जागोजागी चित्र थांबवून मुलाला सांगू लागलो: नदी वळविण्यासाठी आधी डोंगरातून चार बोगदे खणले, दोरांना लोंबकळत माणसांनी कड्यांचा सुटा खडक काढला, टोप्या डांबरात बुडवून कडक केल्या, तीच त्यांची शिरस्त्राणे. काँक्रीट घट्ट होताना तापते. एवढा मोठा ढीग एकसंध ओतला असता तर तो निवायला शंभराहून अधिक वर्षे लागली असती आणि निवताना तडकला असता. म्हणून तो निरनिराळ्या ठोकळ्यांत ओतला, ठोकळ्यांतून नळ्या घातल्या, आणि त्या नळ्यांतून गार पाणी खेळविले. 1931 साली सुरू झालेले काम मुदतीच्या दोन वर्षे आधी संपले. 1935 च्या सप्टेंबरात अध्यक्ष रूझवेल्ट ह्यांनी समारंभ केला. सरकारी हिशेबाप्रमाणे 96 माणसे कामावर दगावली. मुलगा तोंड उघडे टाकून ऐकत होता. मलाही माझ्याच ज्ञानाचे कौतुक वाटत होते, हे कबूल केले पाहिजे.

चित्र संपले. भिंतीमागे निळे पाणी पसरले. आई इतका वेळ गप्प बसली होती, ती एवढेच म्हणाली, “आनी आदलो गांव खंय गेलो?”

“आजी, तिथं वाळवंट होतं,” मुलाने सांगितले. “गाव नव्हतंच.”

“न्हंय आसा थंय गांव आसताच,” आई म्हणाली, आणि उठून आत गेली.

हा प्रश्न कोठून आला हे मुलाला ठाऊक नव्हते. मला ठाऊक होते, आणि म्हणूनच मी तो टाळीत आलो होतो.

माझे आजोळ सांगे तालुक्यातले कुर्डी. गोवा 1961 साली मुक्त झाल्यावर साळावली नदीवर धरण बांधायचे ठरले. पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर स्वतः गावात आले आणि ह्या पाण्याने सबंध दक्षिण गोव्याचे कल्याण होईल, असे त्यांनी लोकांना सांगितले. कल्याण झाले, मडगावच्या आमच्या घरी नळाला आले ते साळावलीचेच पाणी. गावकरी वाडें आणि वालकिणी येथील वसाहतींत गेले. गायनक्षेत्रात ज्यांच्यामुळे ह्या गावाचे नाव घेतले जाते, त्या मोगूबाई कुर्डीकर तर त्यापूर्वी कितीतरी वर्षे गावाबाहेर पडल्या होत्या.

मामांनी घर उतरविले तेव्हा मी माझ्या मुलाच्याच वयाचा होतो. कौले उतरली, वासे सुटे झाले, दारे गाडीवर चढली. मी त्या दिवशी घराकडे फारसे पाहिलेच नाही. रस्त्याने धरणाकडे जाणारे डंपर मोजण्यात मी दंग होतो. संध्याकाळी धावत येऊन मी आईला सांगितले, “भिंत बेचाळीस मीटरांहून उंच होणार आहे!” ती त्या वेळी स्वयंपाकघराच्या उघड्या जमिनीवर बसली होती. माझ्या आजीचा पाटा फार जड, जमिनीत पुरून बसविलेला, तो निघेना. तिने नुसता वरवंटा उचलून पदरात गुंडाळला. माझ्या वाक्याला तिने “हूं” म्हटले. त्या आनंदाच्या भरात मी ते वाक्य दोनदा सांगितले होते, हे मला आजही आठवते.

एका गोष्टीचे मात्र आईला अखेरपर्यंत समाधान वाटे. कुर्डीचे प्राचीन महादेवाचे देऊळ पाण्यात गेले नाही. पुरातत्त्व खात्याने त्याचे दगड सुटे करून सुमारे 17 किलोमीटरांवर, धरणाच्या जवळच, ते पुन्हा जसेच्या तसे जुळविले. माझ्या मते हेही धरणाच्या तोडीचे अभियांत्रिकीचे काम आहे. किंबहुना थोडे अधिकच अवघड, कारण काँक्रीट ओतताना आधीच्या कोणाच्या हाताशी हात जुळवावा लागत नाही. आई म्हणे, देव नव्या जागी सुखी असेल. पण प्रदक्षिणा घालताना पायांना जमीन ओळखीची लागत नाही. उन्हाळ्यात साळावलीचे पाणी उतरले की कुर्डीची जोती वर येतात. मे महिन्यात जुने गावकरी सोमेश्वराच्या उत्सवाला तेथे जमतात. आईही जाई. भेगाळलेल्या चिखलात तिला तो पाटा एकदा सापडला होता. तिने त्यावर हात फिरविला आणि तेथेच ठेवला.

खडोलीला आमच्याकडे भांडी घासायला एक वारली बाई येत असे. दुसऱ्या दिवशी सकाळी आई आणि ती अंगणात बराच वेळ बोलत बसलेल्या दिसल्या. आईची कोंकणी आणि तिची वारली. मध्ये मराठीचा आधार. एवढ्या भांडवलावर बायका काय काय बोलू शकतात! नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यात उगम पावून दमणला समुद्रास मिळणाऱ्या दमणगंगेवर मधुबन धरण आहे. त्याचा फुगवटा दुधनीच्या बाजूला दूरवर पसरला आहे. आम्ही रविवारी तेथे नौकाविहाराला जात असू. त्या बाईचे सासर त्याच पाण्याखाली होते. ती आमच्या घरी चार वर्षे येत होती. मी तिला कधी विचारले नव्हते, आणि माझी आई येऊन पुरते पंधरा दिवसही झाले नव्हते.

मग मी पुस्तके चाळली. आईचे बरोबर होते. हूवर धरणाच्या जलाशयात सेंट थॉमस नावाचे गाव बुडाले आहे. 1865 साली मॉर्मन पंथाच्या लोकांनी ते वसविले होते. 1938 च्या जूनमध्ये पाणी दाराशी आले तेव्हा शेवटचा रहिवासी होडीत बसून घराबाहेर पडला. चालू शतकाच्या आरंभापासून दुष्काळाने पाणी इतके ओसरले की त्या घरांची जोती पुन्हा उघडी पडली आहेत. मी हे आईला सांगितले. तिने विचारले, “त्यांचो देव खंय व्हेलो?” ह्याचे उत्तर माझ्या पुस्तकात नव्हते.

ती परत जाण्याच्या आदल्या दिवशी तिने स्वतःहून ते चित्र पुन्हा लावायला सांगितले. मुलाला आनंद झाला. त्याने चित्र थेट शेवटाशी नेले आणि तिला हसविण्यासाठी उलटे पळविण्याची कळ दाबली. पडद्यावर विलक्षण प्रकार सुरू झाला. निळे पाणी आकसले. भिंत वरून खाली उतरू लागली. काँक्रीट ठोकळ्यांतून उसळून बादल्यांत शिरले, बादल्या तारेवरून मागे मागे गेल्या. दोरांना लोंबकळणारी माणसे कड्यावर चढून दिसेनाशी झाली. सुरुंगाचा धूर खडकात परतला आणि खडक सांधला गेला. दादासाहेब फाळक्यांनी रोपाला पुढे पळविले होते; माझ्या मुलाने धरण मागे नेले. दोन-तीन मिनिटांत दोन्ही कड्यांमधून तांबडी नदी मोकळी वाहू लागली.

“हांगा थांबय,” आई म्हणाली.

मुलाने कळ दाबली. चित्र गोठले. आई चष्मा पुसून पुढे सरकली आणि नदीच्या काठाकडे बारकाईने पाहू लागली. मी ह्या वेळी काही समजावून सांगितले नाही. थोड्या वेळाने यंत्र कंटाळले असावे. चित्र जाऊन काळ्या पडद्यावर त्या कंपनीचे चिन्ह इकडून तिकडे फिरू लागले. तशी आई उठली. रात्रीच्या आमटीचे वाटण व्हायचे होते, आणि गोव्याहून पिशवीच्या तळाशी घालून आणलेल्या वरवंट्याशिवाय तिला दुसऱ्या कशाने वाटणे पसंत नसे.