कासव खात नाही म्हणतेस

तुळजापूर
भाद्रपद वद्य पंचमी

चि. सोनू,


तुझ्या आदूने काढलेले फोटो मिळाले. मोठे करकरून पाहिले. डोळ्यामागे लाल पट्टा, हिरवी पाठ, पोटाकडे पिवळ्यावर काळे ठिपके. म्हणजे हे रेड इअर्ड स्लायडर. बघून जीव भांड्यात पडला. फोनवर तू नुसतं ‘कासव आणलंय’ म्हणालीस तेव्हा माझ्या मनात आधी स्टार कासव आलं होतं, उंच पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं, जमिनीवर राहणारं. घरात लक्ष्मी नांदावी म्हणून लोक ते चोरून विकत घेतात. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, देशातल्या एकाच व्यापारकेंद्रासाठी वर्षाला किमान 55,000 स्टार कासवं रानातून उचलली जातात, असं निघालं. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला तो जीव आहे, तो घरात ठेवला तर तीन ते सात वर्षांची कैद आहे. कुणी ओळखीच्याने आणलं तर वनखात्याच्या 1926 या नंबरावर फोन करायला सांग. आपल्या नद्या-तळ्यांतली कासवंही पाळता येत नाहीत. तुझं मात्र परदेशी आहे, मूळ अमेरिकेच्या मिसिसिपी खोऱ्यातलं.

आता तुझी काळजी. आठवडा होत आला, काही तोंडात घेत नाही, म्हणून तू भात, पोळी, टोमॅटो, सुकट सगळं पुढे ठेवून पाहिलंस. सोनू, खाण्याचा विचार सगळ्यात शेवटी करायचा असतो. कासवाला अंगची ऊब नसते, ती बाहेरून घ्यावी लागते. पाणी गार असलं की त्याचं पोट चालत नाही, आणि पोट चालत नाही तोवर भूक लागत नाही. पाणी 25 ते 28 अंशांवर हवं. पाण्याबाहेर बसायच्या जागी त्याहून जास्त, तीसच्या पुढे. सध्याच्या ढगाळ हवेत तुमच्या त्या आतल्या खोलीत, फरशीवर ठेवलेल्या भांड्यात ते कुठून मिळणार?

ते भांडंही बदल. दुकानदाराने दिलेलं ताटलीएवढं, मधोमध प्लॅस्टिकचं नारळाचं झाड असलेलं. त्यात त्याला पोहता येत नाही आणि धड कोरडंही बसता येत नाही. मोठा टब घे. उलटं पडलं तर पाण्यातल्या पाण्यात सुलटं होता यावं इतकं पाणी हवं, म्हणजे त्याच्या लांबीहून जास्त खोल. एका कडेला विटा रचून वर सपाट फरशीचा तुकडा ठेव, एक बाजू उतरती, म्हणजे ते चढून पूर्ण कोरडं होऊन बसेल. तुमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही हे मला ठाऊक आहे. त्यात फायदा असा की दिवसभर उघडं साठवलेलं पाणी टबात टाकलंस तर क्लोरीनचा जोर ओसरलेला असतो. रोज थोडं काढायचं, थोडं भरायचं. काढलेलं पाणी कुंड्यांना घाल.

उन्हाचं जरा सविस्तर लिहितो, कारण निम्मी दुखणी इथूनच सुरू होतात. खिडकीच्या काचेतून येणारं ऊन उपयोगाचं नाही. कवच कठीण व्हायला लागणारे किरण काच अडवते. सकाळचं कोवळं ऊन थेट अंगावर पडायला हवं, तासभर तरी, म्हणून टब गच्चीवर ठेव. आणि टबाचा अर्धा भाग सावलीत हवाच. सोलापूरच्या उन्हात उथळ पाणी किती लवकर तापतं हे तुला सांगायला नको. नको वाटलं की त्याला सावलीत सरकता आलं पाहिजे. वरून जाळी टाक, तिथे कावळे आणि मांजरं असतात. थंडीसाठी थर्मोस्टॅटवाला ॲक्वेरियमचा हीटर दिवाळीआधीच घेऊन ठेव.

इतकं झालं की दोन-चार दिवस त्याच्याकडे कुणी जायचं नाही. आदूला हे जड जाईल. पण हातात घेणं, फरशीवर चालवणं, शेजारच्यांना दाखवणं, हे सगळं त्या जिवाला कुणीतरी धरून खायला निघालंय असंच वाटतं. त्याला सांग, लांब बसून वहीत लिही: कधी वर चढलं, कधी पाय ताणून बसलं. पाय मागे ताणून, मान लांब करून उन्हात बसलेलं दिसलं की समजायचं, जागा मानवली.

मग खाणं. एका फोटोत तू फरशीवर कागद ठेवून त्यावर सुकट घातलेली दिसते. तिथे ते कधीच खाणार नाही. या कासवाची जीभ तोंडात घास फिरवू शकत नाही, लाळही नाही. घास पाण्याबरोबरच घशाखाली उतरतो. म्हणून खाणं पाण्यातच टाकायचं. सुकट बंद कर, खारट असते. डबीत मिळणारी वाळवलेली कोळंबी कधीमधी चालेल, पण नुसत्या तिच्यावर वाढवलेल्या पिल्लाला ‘अ’ जीवनसत्त्व कमी पडतं, पापण्या सुजतात, डोळे मिटतात. मग त्याला खाणं दिसतच नाही, आणि घरचे म्हणतात ते रुसलंय. कासवांसाठीच्या चांगल्या गोळ्या आण, रोज त्याच्या डोक्याएवढ्या, त्याहून जास्त नाही. सोबत एखादं गांडूळ. हललेलं दिसलं की पहिल्यांदा तोंड उघडतं, हा माझा अनुभव आहे. पिल्लं मांस जास्त खातात, वाढतील तसा पाला वाढवायचा. तुझी मामी आमच्या हौदातल्या मादीला शेवग्याचा कोवळा पाला, जास्वंदीची पानं, मेथी आणि लाल भोपळ्याचा कीस घालते. पालक, चुका, माठ नको. त्यातलं ऑक्झॅलिक आम्ल कॅल्शियम अडवून धरतं. आणि काष्ठौषधींच्या दुकानातून समुद्रफेस आण. पांढरा, हलका, पाण्यावर तरंगणारा तुकडा. मीठ जाईपर्यंत भिजवून टबात सोडून दे. आमची त्याच्या कडा कुरतडून खाते. दोन्ही बाजूंना चोचीच्या अर्धगोल खुणा उमटतात. त्यातून कॅल्शियमही मिळतं आणि चोचही झिजते.

इतकं करूनही ते पाण्यात एका कुशीवर कलून पोहत असेल, नाकातून बुडबुडे येत असतील, किंवा कवच बोटाने दाबल्यावर दबत असेल, तर माझ्या पत्राची वाट बघू नकोस, पशुवैद्याकडे जा.

पाठीवर हळदकुंकू लावलेलं दिसलं. सासूबाईंची श्रद्धा मला कळते. महादेवापुढचं दगडी कासव आपण सगळेच हात लावून पुढे जातो. पण या पाठीला हळद, तेल, काही नको. वरचे पापुद्रे आपोआप सुटतात, तेही ओढू नका. त्यांना म्हणावं, हळदकुंकू देव्हाऱ्यातल्या पितळी कासवाला वाहा, याला ऊन दाखवा. आणि हात लावला की साबणाने धुवायचे, सगळ्यांनी. टब स्वयंपाकघरात धुवायचा नाही. यांच्या अंगावर साल्मोनेलाचे जंतू असतात. लहान मुलं आजारी पडायला लागली म्हणून अमेरिकेत 1975 पासून चार इंचांहून लहान कासवं विकायला बंदी आहे. तिथे जे मुलांच्या हाती देत नाहीत ते आपल्याकडे वाढदिवसाला देतात, याचं मला फार वाईट वाटतं.

तू शेवटी भीत भीत विचारलंस, नाहीच जमलं तर दर्शनाला येताना इथल्या कल्लोळ तीर्थात नाहीतर पापनाश तीर्थात सोडावं का. नाही सोनू. तीर्थात सोडलं म्हणजे पुण्य लागलं असं होत नाही. गुवाहाटीच्या उग्रतारा मंदिराच्या तळ्यात 2018 साली हेच कासव सापडलं, कुणीतरी असंच श्रद्धेनं सोडलं असणार. जगातल्या शंभर सगळ्यात घातक आगंतुक जातींच्या यादीत त्याचं नाव आहे. आपल्या मराठवाड्याची मऊ पाठीची कासवं तळं आटलं की चिखलात पुरून घेऊन पावसाची वाट बघतात. इतकी दुष्काळात मुरलेली, पण त्यांच्या उन्हाच्या जागा आणि खाणं या पाहुण्याने बळकावलं तर ती कुठे जाणार? आणि मादी असली तर हे ताटाएवढं होईल, तीस वर्षंही जगेल. तोवर आदूची मुलं शाळेत जातील. झेपणार नसेल तर आमच्याकडे आणून दे, हौदात जागा आहे; पण आधी मनापासून प्रयत्न कर.

अष्टमीला देवी मंचकी निद्रेला जाईल, मग इथे नवरात्राची झाडलोट सुरू. कोजागरीला तुम्ही सगळे चालत येणार ना? दोन दिवस ते उपाशी राहिलं तर काही बिघडत नाही. जास्तीचं खाणं मात्र टाकून येऊ नका, पाणी सडतं. शेजारी कुणाला फक्त टब उन्हात सापडत नाही ना, एवढं बघायला सांग. आणि येताना आदूची ती वही घेऊन या.

घरी सर्वांना नमस्कार.

तुझा,
मामा