लाल बटण

बॅटरीतून लांब झोत टाकणं आता कुणालाही जमतं. चांगला एलईडी, खोलगट रिफ्लेक्टर, दमदार सेल, झालं काम. घाम फुटतो तो सगळ्यात मंद मोड ठरवताना. शेजारी झोपलेल्याची झोप मोडू नये, पण दाराची कडी, चप्पल आणि चपलेत शिरलेला विंचू दिसावा, इतका उजेड म्हणजे नेमका किती? भोसरीतल्या आमच्या छोट्या कारखान्यात एका बॅटरीच्या डिझाइनवर काम चालू होतं, तेव्हा मी याच प्रश्नापाशी सर्वांत जास्त अडून बसले. मालकांना हे कधीच पटलं नाही. ‘मॅडम, खोक्यावर मोठा आकडा छापायचा असतो, लहान नाही,’ असं त्यांचं म्हणणं. धंद्याच्या हिशेबाने त्यांचं चुकत नव्हतं.

माझी डिग्री इलेक्ट्रॉनिक्सची आहे, पण बॅटरी मी शिकले ती ओतूरजवळच्या आमच्या मळ्यात. अण्णांची पितळी बॅटरी तीन सेलांची होती. डोकं फिरवलं की झोत आवळायचा किंवा पसरायचा. मागच्या झाकणात, स्प्रिंगखाली, एक जादा बल्ब जपून ठेवलेला असे. अंगठ्याखाली सरकणारी पट्टी आणि पट्टीच्या पुढे लहानसं लाल बटण. पट्टी सरकवली की बॅटरी लागून राहायची. बटण मात्र दाबून धरलं असेल तेवढाच वेळ उजेड द्यायचं. अण्णा पट्टीला सहसा हात लावत नसत. बटण दाबायचे, पुढची आठ-दहा पावलं नजरेत भरून घ्यायचे, बटण सोडायचे आणि तेवढी पावलं अंधारात चालायचे. बटण दाबताना एक डोळा मिटून घ्यायचे. लहानपणी मला वाटे, उजेड टोचतो म्हणून मिटत असतील. डोळ्यातल्या अंधारात पाहणाऱ्या पेशी पुरत्या जाग्या व्हायला अर्धा तास लागतो आणि झगझगीत उजेडाने ती कमाई क्षणात जाते, हे मी पुढे पुस्तकात वाचलं. अण्णा एका डोळ्यापुरती ती वाचवत होते. कुणी शिकवलं, असं विचारल्यावर म्हणाले, ‘शिकवायचं काय त्यात? दोन्ही उघडे ठेवले तर नंतर बांध दिसत नाय.’

काटकसर सेलांसाठीही होती. सेल बाजाराच्या दिवशीच यायचे आणि त्यांचा खर्च तेलामिठाच्या बरोबरीने धरला जायचा. उतरलेले सेल आत्या पत्र्यावर उन्हात ठेवायची आणि संध्याकाळी त्यात पुन्हा थोडी धुगधुगी आलेली असायची. त्यात अंधश्रद्धा नव्हती. जस्त-कार्बनच्या सेलाला विसावा मिळाला की आत साचलेली रासायनिक कोंडी जराशी सुटते आणि उबेने क्रियेला वेग येतो. अर्थात ती उसनवारीच. एखादी फेरी मारता येते, रात्र काढता येत नाही. पुरते संपलेले सेल आम्हा पोरांच्या वाट्याला यायचे. दगडाने फोडले की आतून काळी भुकटी आणि मधोमध कार्बनची कांडी निघे. कांडीने ओट्यावर रेघा ओढायच्या आणि आत्याचा मार खायचा. सेलावर नऊच्या आकड्यातून उडी मारणारं मांजर होतं. त्या सेलांची कंपनी आणि डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळात ज्या कारखान्यातून विषारी वायू सुटला ती कंपनी एकच, हे मला फार उशिरा कळलं. तोवर ते मांजर आमच्या कोनाड्यात घरचंच होऊन बसलं होतं.

हातात धरायच्या बॅटरीचं एक सुरुवातीचं पेटंट न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्या डेव्हिड मिसेल या इंग्रजाला जानेवारी १८९९ मध्ये मिळालं. कागदाची नळी, तिच्यात एकामागे एक सेल, पुढे बल्ब आणि ओबडधोबड पितळी रिफ्लेक्टर. तेव्हाचे सेल इतके अशक्त आणि बल्बमधली कार्बनची तार इतकी खादाड, की सलग उजेडाची गोष्टच नव्हती. लावायची, पाहायचं, विझवायची. कॉलेजात हे वाचलं तेव्हा मला न्यूयॉर्क दिसलं नाही, बांधावर एक डोळा मिटून उभे असलेले अण्णा दिसले.

आमच्या मळ्यातल्या बॅटरीला एकच बल्ब होता, पण तिचे मोड म्हणावेत तर पुष्कळ होते. ते सगळे हातात होते. रात्री पाण्याची दारं धरायला दोघं लागायची. अण्णा शेताच्या टोकाला आणि विहिरीवर मोटारीपाशी दुसरं कुणीतरी. शेवटच्या सरीत पाणी पोचलं की अण्णा झोत आडवा हलवायचे. वर-खाली हलवला की मोटार बंद करायची. गोल फिरवला तर सगळं सोडून इकडे या. शेजारच्या मळ्यातलेही हीच खूण वापरत, त्यामुळे कधी कधी भलत्याचीच मोटार बंद व्हायची आणि मग सकाळी बांधावर तंटा. आता बहुतेक बॅटऱ्यांमध्ये एसओएसचा मोड असतो. तीन आखूड, तीन लांब, तीन आखूड. १९०६ साली बर्लिनमधल्या परिषदेत जहाजांसाठी ठरलेला हा इशारा. सह्याद्रीत वाट चुकलेल्या ट्रेकरला तो उपयोगी पडेलही. पण आमच्या शिवारात तो कुणी पाहिला तर बॅटरीचं बटण बिघडलंय असंच म्हणेल.

मग पांढरे एलईडी आले. निळा एलईडी ज्यांनी शक्य करून दाखवला त्या अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ साली नोबेल मिळालं. निळ्या चिपवर पिवळ्या फॉस्फरचा लेप दिला की डोळ्याला पांढरा उजेड दिसतो, इतकी साधी ती युक्ती आहे. आमच्या तालुक्याच्या बाजारात मात्र हे सगळं प्लॅस्टिकच्या हलक्या बॅटरीच्या रूपाने पोचलं. मागून पिना ओढून काढायच्या आणि थेट सॉकेटमध्ये खोचायच्या. सेलांचा खर्च मिटला म्हणून सगळे खूश. अण्णाच तेवढे कुरकुरले. ‘ह्या उजेडात समदं राखेवाणी दिसतंय,’ म्हणाले. मला ती म्हातारपणाची कुरकुर वाटली नाही, कारण त्या स्वस्त एलईडींमध्ये निळा भाग भरमसाट आणि लाल अगदी तुटपुंजा असे. वाळका पाला, माती आणि पाल्यात वेटोळं घालून पडलेली घोणस यांचे तपकिरी रंग एकमेकांत मिसळून जात. म्हणून आम्ही बॅटरी करायला घेतली तेव्हा मी किंचित पिवळसर, रंग नीट दाखवणारा एलईडी धरून बसले. त्याने उजेडाचा आकडा थोडा उतरतो आणि किंमत थोडी चढते. मालकांनी कपाळाला हात लावला, पण एलईडी तोच ठेवला.

झोत किती लांब जातो हे मोजायची एक रीत आहे आणि ती मला फार आवडते. २००९ च्या अमेरिकी मानकाप्रमाणे, ज्या अंतरावर झोताचा उजेड ०.२५ लक्सवर येतो ते त्या बॅटरीचं अंतर. ०.२५ लक्स म्हणजे साधारण निरभ्र रात्रीच्या पौर्णिमेचं चांदणं. खोक्यावर २०० मीटर लिहिलेलं असतं तेव्हा ‘२०० मीटरवर चांदण्याइतका उजेड पडेल’ एवढाच त्याचा अर्थ. आणि हे अंतर दुप्पट करायचं तर झोताची तीव्रता चौपट लागते. म्हणजे आकड्यांच्या शर्यतीत सेल आणि पैसा दोन्ही जळतात, आणि हाती काय येतं, तर दूरवर पडलेलं चांदणं. मळ्यात माणसाला पायाखालचं दिसावं लागतं.

पहिल्या नमुन्यात आम्ही तीन मोड ठेवले: पूर्ण, साठ टक्के आणि तीस टक्के. कागदावर छान दिसत होते. हातात घेतल्यावर पहिल्या दोहोंतला फरक कुणालाच सांगता येईना. डोळा सरळ हिशेबाने चालत नाही. उजेड चौथाईवर आणला तर तो त्याला साधारण निम्मा वाटतो. म्हणून पायऱ्या मोठ्या घ्याव्या लागतात: शंभर, वीस, तीन, आणि त्याहीखाली तो हट्टी, अर्ध्या टक्क्याहून कमी असलेला मंद मोड. एलईडी मंद करायचा सोपा उपाय म्हणजे तो सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करायचा आणि चालू राहण्याचा वेळ कमी करत न्यायचा. टेबलावर काही कळत नाही. पण नमुना मी सुट्टीत घरी नेला आणि रात्री दादाने तो पाइपातून हौदात पडणाऱ्या पाण्यावर मारला. धार अखंड दिसेना, तिचे मणी झाले. दादा लहान पोरासारखा हसला, मी डोकं धरून बसले. चालत्या पायांखाली आणि वाहत्या पाटावर असा तुटक उजेड पडला की अंतराचा अंदाज चुकतो. परत आल्यावर आम्ही तो वेग काही हजारांवर नेला आणि पुन्हा हौदावर जाऊन धार एकसंध दिसते याची खात्री करून घेतली.

मोड बदलायचे एकाच बटणाने. आत आठ पायांची चिप, तिच्यात ६४ बाइटची रॅम. बटण हलकेच दाबून सोडलं की क्षणभर वीज तुटते आणि चिप नव्याने जागी होते. वीज तुटल्याचा काळ अगदी छोटा असेल तर रॅममधली खूण अजून पुसलेली नसते. ती सापडली की चिप समजते, माणसाला पुढचा मोड हवाय. खूण पुसून गेली असेल तर बॅटरी खरोखर बंद होती, आता पहिल्यापासून सुरू करायचं. ही युक्ती आमची नाही, पण जिने काढली तिच्या किंवा त्याच्या पायावर डोकं ठेवावं इतकी सुंदर आहे. अडचण एकच, थंडीत ही खूण जास्त वेळ टिकते. भोसरीत मे महिन्यात चोख चालणारी बॅटरी आमच्या पौषातल्या थंडीत बंद करून पुन्हा लावली तरी ‘पुढचा मोड’ म्हणून भलताच उजेड द्यायची. शेवटी आम्ही वेळ मोजायला एक कपॅसिटर जोडला आणि काही पैशांचा खर्च वाढवला.

खरा वाद झाला पहिला मोड कोणता यावर. मी म्हणे, मंद. विकणारी मंडळी म्हणत, दुकानात गिऱ्हाइकाने बटण दाबलं की डोळे दिपले पाहिजेत. अण्णांना विचारलं. आमच्या जुन्नर तालुक्यात उसात बिबट्यांचा वावर आहे. माणिकडोहला त्यांच्यासाठी निवारा केंद्रच आहे. अण्णांनी दोन्ही बाजूंना नापास केलं. ‘घरात उठलो तर बारीक पाहिजे. कुत्रं भुंकलं तर मोठा पाहिजे, पण त्याच दमाला. तेव्हा मी काय बटणं मोजत बसू?’ मग म्हणाले, ‘पहिल्या बॅटरीला होतं की लाल बटण.’ आता आमच्या बॅटरीच्या अंगावर, अंगठ्याखाली, वेगळं बटण आहे. बॅटरी कुठल्याही मोडमध्ये असो किंवा बंद असो, ते दाबून धरलं की पूर्ण झोत, सोडलं की आधीचं जे काय असेल ते. अंधारात चाचपून कळावं म्हणून ते थोडं वर उचललेलं आहे.

जुन्या सेलांची आणखी एक गोष्ट नव्या बॅटरीत मुद्दाम घालावी लागली. ते सेल मरताना सांगून मरत. उजेड पांढऱ्याचा पिवळा, पिवळ्याचा तांबूस होई आणि माणूस घराकडे वळे. लिथियमचा १८६५० सेल शेवटपर्यंत ताठ उभा राहतो आणि तीन व्होल्टच्या आसपास आला की त्याच्या रक्षणासाठी सर्किट त्याला फट्कन तोडतं. माणूस बांधाच्या मधोमध आंधळा. म्हणून आमची बॅटरी त्याआधीच दोनदा मिचकावते आणि स्वतःहून मंद मोडवर उतरते. राहिलेल्या चार्जवर घर गाठता येतं.

तयार बॅटरी अण्णांच्या हातात दिली तेव्हा त्यांनी ती उलटीसुलटी करून पाहिली, वजन जोखलं, बटण दाबताना सवयीने एक डोळा मिटला. ‘चांगली आहे,’ म्हणाले. मग म्हणाले, ‘एवढी डोकी चालवता, त्यापरीस दिवसा लाइट का नाय देत?’ शेतीपंपाची थ्री फेज आळीपाळीने कधी दिवसा आठ तास तर कधी रात्री दहा तास मिळायची, तेव्हाची ही गोष्ट. पुढे २०१७ पासून सौर कृषी वाहिनीची योजना आली, काही फिडरांवर दिवसा पाणी धरता येऊ लागलं. दादाने हे सांगितलं तेव्हा आमच्या गिऱ्हाइकांत घट होणार हे मला लगेच कळलं आणि मी फोनवरच त्याचं अभिनंदन केलं.

बॅटरी अजून खपते, बहुतेक ट्रेकरना आणि दूधवाल्यांना. नव्या खेपेत बटणावरचं रबर बदललंय, कारण जुनं उन्हाने चिरायचं. चार्जिंगचं तोंड टाइप सी झालंय. चमचमणारा स्ट्रोब मी अजून काढून टाकू शकलेले नाही. तो आता लांब दाबल्याशिवाय लागत नाही, एवढाच समझोता झाला. खोक्यावर मालकांनी लाल अक्षरांत ‘५ मोड’ छापलेत. मंद मोडबद्दल तिथे अक्षर नाही. गेल्या महिन्यात नारायणगावच्या एका दुकानदाराचा फोन आला. गिऱ्हाईक विचारतंय, म्हणाला, ती बाळंतिणीच्या खोलीत चालणारी बारीक उजेडाची बॅटरी तुमचीच का?