मोरीची निविदा

वर्तमानपत्र हातात पडलं की कुणी आधी राशिभविष्य बघतं, कुणी सोन्याचा भाव. मी निविदा सूचना वाचतो. मुंगीच्या पावलांएवढ्या टाइपात छापलेल्या त्या चौकटीत जी भारदस्त भाषा असते, ती हल्ली दिवाळी अंकांतसुद्धा सापडत नाही. आणि शेवटी ते ठरलेलं वाक्य : कोणतीही किंवा सर्व निविदा कोणतेही कारण न देता नाकारण्याचा अधिकार राखून ठेवला आहे. वा! माझं लग्न ठरताना हा अधिकार फक्त सासऱ्यांकडे होता. तो त्यांनी वापरला नाही म्हणून आमची ही त्यांना अजून बोलते.

या वाचनाला धंद्याचंही कारण आहे. आमची शाखा जिल्हा परिषदेपासून हाकेच्या अंतरावर, आणि बरीच वर्षं मी ड्राफ्टच्या खिडकीवर बसलो. निविदा भरायची म्हणजे बयाणा रक्कम हवी, आणि बयाणा म्हणजे ड्राफ्ट. सूचनेची शेवटची तारीख आली की खिडकीवर रांग लागायची. बी. कॉम.ला मी 'स्पर्धा' या प्रश्नावर अकरा पानं लिहिली होती. पूर्ण स्पर्धा, अपूर्ण स्पर्धा, मक्तेदारी, सगळं. पण फर्म तीन, अर्ज तीन आणि ते भरणारं पेन एक, ही स्पर्धा कुठल्या प्रकरणात येते हे आमच्या पुस्तकात नव्हतं.

"साहेब, तीन ड्राफ्ट द्या. फक्त नंबर जरा लांबलांबचे बघा."

"अहो, ड्राफ्ट आहेत हे, लॉटरीची तिकिटं नव्हेत!"

तो हसायचा, मी हसायचो, आणि कुणाची निविदा सर्वात कमी दराची निघणार हे परिषदेच्या आधी मला कळायचं. पुढे रिझर्व्ह बँकेने फर्मावलं की 15 सप्टेंबर 2018 पासून ड्राफ्ट विकत घेणाऱ्याचं नाव ड्राफ्टच्या तोंडावरच छापायचं. मला वाटलं, आता याची पंचाईत. दुसऱ्या दिवशी गृहस्थ तीन खात्यांचे तीन चेक घेऊन हजर. आता तर निविदा संगणकावर भरतात. लाखेचे शिक्के गेले, बयाणाही बहुतेक तिथूनच भरला जातो. परवा हेच गृहस्थ भेटले. डिजिटल सहीच्या तीन काड्या एकाच किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवल्या होत्या. मोटारसायकलच्या किल्लीशेजारी.

खरं तर जिल्हा परिषद ही कल्पना फार चांगली. वसंतराव नाईक समितीने शिफारस केली, 1961 मध्ये कायदा झाला आणि 1 मे 1962 पासून परिषदा सुरू झाल्या. गावच्या माणसाला शाळेसाठी नि रस्त्यासाठी मुंबईपर्यंत जायला लागू नये, हा हेतू. आता जिल्ह्यापर्यंतच जावं लागतं. फक्त पुष्कळ वेळा जावं लागतं. आधी प्रशासकीय मान्यता, म्हणजे काम करायला हरकत नाही. मग तांत्रिक मान्यता, म्हणजे काम होऊ शकतं. मग निविदा, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका, देयक. घरात नवा पंखा घेताना मीही पहिल्या दोन मान्यता घेतो, तेव्हा त्याबद्दल तक्रार नाही.

तर आमच्या गावची मोरी. गावात मोरी मंजूर झाली असं मी घरी सांगितलं, तेव्हा ही म्हणाली, "घरातली तुंबलेली तुम्हाला काढवत नाही, आणि गावाला मोरी?" तिला सांगावं लागलं की रस्त्याखालून ओढ्याचं पाणी जायला बांधतात तीही मोरीच.

ओढ्याच्या अलीकडे आमची वाडी, पलीकडे चौथीपर्यंतची शाळा. पावसाळ्यात आया पोरांना कडेवर घेऊन कमरेएवढ्या पाण्यातून पलीकडे पोचवायच्या. 2019 च्या ऑगस्टात दुसरीतली एक पोरगी आईच्या हातून सुटली आणि वीस-पंचवीस हात वाहून गेली. करंजाच्या मुळ्यांना अडकली म्हणून वाचली. तेव्हापासून आमच्या आबांनी, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांनी, पंचायत समितीचे जे जिने झिजवायला घेतले ते 2022 च्या मार्चपर्यंत.

मार्चअखेर मोरी झाली. काय देखणी मोरी! वर काँक्रीटचा स्लॅब, दोन्ही कठड्यांना काळेपिवळे पट्टे. उणीव एकच, तिच्यावर चढायला रस्ता नव्हता. ओढ्याच्या मध्यावर पुरुषभर उंच अशी ती देवळाच्या चौथऱ्यासारखी उभी. गुरुजींनी शाळेची शिडी आणून लावली.

आबा कचेरीत गेले. उत्तर मिळालं, मोरीचं काम पूर्ण आहे. दोन्हीकडचा भराव हे वेगळं काम, त्याची फाइल वेगळी. आबांनी मला फोन केला.

"काय रे बँकवाल्या, एका मोरीच्या दोन फायली कशा?"

मी समजावलं, "आबा, एका कामाचे दोन तुकडे केले की प्रत्येक तुकडा लहान होतो. लहान कामाला लहान सोपस्कार. असे तुकडे पाडू नयेत असं नियमात आहे, पण..."

"म्हणजे म्हशीचं तोंड एकाला आणि शेपूट दुसऱ्याला?"

"नाही आबा, दोन्ही एकालाच."

तो एक कोण, ते बँकेच्या गुप्ततेच्या नियमामुळे मी सांगत नाही. अक्षर ओळखीचं होतं, एवढंच.

आबांनी दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहितीचा अर्ज केला. तीस दिवस भरता भरता दोन रुपये पानाने दुसऱ्या फाइलच्या नकला आल्या. वाचून आबा थक्क! भरावाचं कामही पूर्ण झालं होतं. मुरूम टाकून, पाणी मारून, दबाई करून. लांबी, रुंदी, उंची, दशांश चिन्हापुढे दोन-दोन आकडे. देयक 31 मार्चला अदा. मुरूम सगळा वहीत होता, ओढ्यावर तेवढा नव्हता.

15 ऑगस्टच्या ग्रामसभेत आबांनी ती मोजमापं पोथी वाचावी तशी वाचून दाखवली. शाखा अभियंता हजर होते. माणूस तरुण, आणि मला वाटतं, त्या सहीपुरताच जबाबदार. ते म्हणाले, "मुरूम पडला होता, आजोबा. पावसात वाहून गेला."

"पटलं," आबा म्हणाले. "पण ज्या जागी टाकला, त्या जागी छातीएवढी बाभळ उभी आहे. साहेब, तिचं वय तेवढं काढून द्या."

सरपंचांना खोकला आला. बाया हसल्या, आणि मग त्या पोरीची आई उठून उभी राहिली. ती काही बोलली नाही. पण त्यानंतर हसलं कुणी नाही. भराव होईपर्यंत ठेकेदाराची अनामत परत देऊ नये, असा ठराव झाला आणि त्याची प्रत मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना गेली.

तीन आठवड्यांनी रात्री ट्रॅक्टर आले. आबा कंदील घेऊन खेपा मोजत बसले होते. दर खेपेला एक खडा. सकाळी खडे चाळीसवर. शिडी शाळेत परत गेली.

पहिल्या मोठ्या पावसात भराव एक हात खचला. आबांनी पुन्हा फोन केला. "ती अनामत परत कधी देतात रे?"

"दोषदायित्वाचा कालावधी संपल्यावर. तुमच्या कागदावर दोन वर्षं लिहिलीत, म्हणजे मार्च 2024. तोवर खचलं तर त्याच्याच खर्चाने दुरुस्ती."

दुसऱ्या दिवशी मोरीच्या कठड्यावर, काळ्यापिवळ्या पट्ट्यांच्या मधोमध, चुन्याने ठळक अक्षरं उमटली : 'अनामत परत, 31 मार्च 2024.' भराव दोनदा खचला, दोनदा मुकाट्याने भरून मिळाला. ठेकेदाराने ती अक्षरं पुसायला एक पोरगा पाठवला होता. आबांनी त्याला चहा पाजला, आणि पावसाने फिकट झालेली तारीख त्याच्याचकडून गिरवून घेतली.