केलेलं कोणी?

आईला जाऊन या पावसाळ्यात दोन वर्षं होतील. तिने घातलेल्या मिस्कूटाची शेवटची बरणी फडताळात आहे. परवा लेकीने ती काढली आणि विचारलं, "बाबा, हे आजीचं की मम्मीचं?" चिठ्ठी माझ्याच अक्षरातली. तिच्यावर एवढंच : 'घरी घातलेलं मिस्कूट'.

या लेकीच्याच नादाने तुर्की मालिका बघता बघता मी तुर्की व्याकरण चाळू लागलो. (बी.ए.ची खोड, दुसरं काय!) त्या भाषेत लिंगभेद नाही. 'गेलेन' म्हणजे आलेला, आलेली, आलेलं, सगळं एकच. आपलं धातुसाधित मात्र पुढच्या नामाशी जुळतं. आईने केलेला भात, केलेली सोलकढी, केलेलं हुमण. करणारी एकच, पण शब्द बदलतो तो पदार्थापायी.

तुर्कीत उलट. 'ओकुदुउम किताप' म्हणजे मी वाचलेलं पुस्तक, 'ओकुदुउन किताप' म्हणजे तू वाचलेलं. पुस्तक तेच, प्रत्यय वाचणाऱ्याचा. गंमत म्हणजे तो मालकीचा प्रत्यय आहे. 'एविम' म्हणजे माझं घर, त्यातलाच हा 'म'. कर्ता सांगायचा तर षष्ठीत येतो : 'आन्नेमिन याप्तिइ तुर्शु', म्हणजे जवळजवळ 'माझ्या आईचं, तिच्या करण्याचं लोणचं'. कर्ता गाळला तरी 'मी', 'तू' की 'तिसरं कोणी' ही खूण क्रियेवर उरते. आपण 'आईने' गाळलं की उरतं नुसतं 'घातलेलं'. लोणच्याचं लिंग कळतं, घालणारी कळत नाही.

कचेरीत मी वीस वर्षं 'सादर केलेला अर्ज' असंच लिहीत आलोय. अर्ज पुल्लिंगी, एवढं चोख. तो घेऊन उन्हात उभी राहिलेली म्हातारी त्या शब्दात कुठेच नाही. अर्थात तुर्की कारकुनालाही पळवाट आहेच. तो कर्मणी रूप घेऊन 'वेरिलेन दिलेकचे', दिला गेलेला अर्ज, असं लिहून मोकळा होऊ शकतो. कारकून इथून तिथून सारखेच!

पण मग आठवलं, आपणही म्हणतोच की, "हे पुस्तक माझं वाचलेलं आहे." करणाऱ्याला षष्ठी द्यायची वाट मराठीतही आहे. मीच ती चिठ्ठीवर वापरली नव्हती.

काल चिठ्ठी बदलली : 'आईचं घातलेलं'. मग बरणी उघडली आणि लेकीला पहिली फोड वाढली.