पोटातले गिअर

काही माणसे आपला सगळा संसार ओसरीवर मांडून बसतात. तर काहींच्या पोटात काय चालले आहे, ते शेजारच्या भिंतीलाही कळत नाही. सायकलींचेही तसेच आहे. डीरेलरची सायकल पहिल्या पठडीतली. मागे दातेरी चक्रांची उतरंड, खाली लोंबणारा हात आणि एका चक्रावरून दुसऱ्यावर उडी घेणारी साखळी. सगळा कारभार उघड्यावर! पुण्याच्या पावसाळ्यात त्यावर चिखल बसला, की कुरकूर ऐकून घ्यावी.

मुलगा नोकरीसाठी हॉलंडला गेला आणि त्याची अशी एकवीस गिअरांची सायकल माझ्या वाट्याला आली. तिचे गिअर पायडल मारतानाच बदलतात. जड गिअरवर असताना चौकात लाल दिवा लागला, की पुन्हा निघताना माझे गुडघे जे बोलत, ते चारचौघांत सांगण्यासारखे नाही. शेवटी तिला तीन गिअरांचा हब बसवायचे ठरवले.

ही युक्ती जुनी आहे. नॉटिंगहॅमच्या स्टर्मी-आर्चरचा तीन गिअरांचा हब 1902 सालचा. आत आसाला घट्ट बसवलेले एक चक्र, त्याभोवती फिरणारी छोटी चक्रे आणि त्या सर्वांना वेढणारे दातेरी कडे. मधल्या गिअरला साखळीच्या चक्राचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा. पुढे नेहमीच्या हबात हलक्याला पाऊण आणि जडाला एक पूर्णांक एक तृतीयांश. आणि गंमत म्हणजे, उभ्या सायकलीवरही गिअर बदलता येतो!

"काका, लोक तीनाचे एकवीस करतात, तुम्ही एकवीसाचे तीन करताय?" कारागिराने विचारले.

"या वयात तीनच लागतात," मी म्हटले. "चढ, सपाट आणि उतार."

त्याने नव्या हबाभोवती नवे चाक विणले. आस गरकन फिरू नये म्हणून खाचेत बसणारे वॉशर घातले. चौकटीच्या खाचा उभ्या असल्याने चाक मागे ओढून साखळी ताणता येईना. तेव्हा तिला ताण देणारी एक कप्पी लावली. जुने चाक मी पुसून माळ्यावर टांगले.

कारण एका गोष्टीची चुटपुट होतीच. याच सायकलीवर मुलगा सिंहगड चढत असे. तीन गिअरांत तो चढ माझ्याच्याने होणार नाही. त्याची सायकल मी सपाटीला आणली होती.

रात्री त्याला फोनवर सांगितले. तो हसला. "बाबा, इथे माझ्या सायकलीचे गिअरही पोटातच आहेत."

"बाकी कसं आहे?"

"सगळं ठीक."

हा 'सगळं ठीक' तो आठवड्यातून एकदा म्हणतो. आवाज गुळगुळीत, कुठे खडखड नाही. त्यामागे कोणती चक्रे फिरत असतील, ते ही विचारत नाही आणि मीही विचारत नाही. मात्र हल्ली तो फोन ठेवू लागला, की ही त्याला आणखी थोडा वेळ बोलत ठेवते.