एकट्याचा पावागड आणि एक विसरलेला नंबर

इथे सगळे जुन्या बडोद्याच्या आठवणी लिहितात. माझी आठवण जुनी नाही, गेल्या डिसेंबरातली आहे. पण घरात ती अजून अधूनमधून ऐकवली जाते, म्हणून म्हटलं आपणच लिहून टाकावी.

आम्ही मकरपुऱ्याचे. खंडेराव महाराजांनी १८७० मध्ये बांधलेला राजवाडा, जिथे आता एअर फोर्स आहे, तिथून आमची सोसायटी फार लांब नाही. जीआयडीसीत मशीनशॉपला चौतीस वर्षं काढली. निवृत्तीनंतर गियरची सायकल घेतली आणि सकाळी चालायला येणारे आम्ही तिघे सायकलवाले झालो. ठरलं असं, की सायकलने पावागड करायचा, पायथ्याला तंबूत झोपायचं आणि दुसऱ्या दिवशी परत यायचं.

आदल्या रात्री दहा वाजता एकाचा गुडघा धरला. दुसऱ्याला भाच्याचं लग्न आठवलं. माझं सामान बांधून झालेलं, हिने दशम्या आणि लसणाची चटणी डब्यात भरलेली. दोघे येत नाहीत हे मी घरात सांगितलंच नाही. सांगितलं असतं तर जाणं रद्द, हे मला ठाऊक होतं.

पहाटे पाचला निघालो. तरसाळीवरून हायवे, मग गोल्डन चोकडी आणि तिथून हालोल रोड. थंडी मस्त होती. अंतर मोजणारं ॲप चालू केलं होतं, घरी दाखवायला.

जरोद ओलांडलं आणि मागचं चाक बसलं. बाभळीचा काटा. ट्यूब बदलली, पंप मारला, स्वतःवर खूश होऊन निघालो. तीन किलोमीटरवर पुन्हा फुस्स! ट्यूब बदलताना टायरच्या आतून बोट फिरवायला विसरलो होतो. काटा तिथेच बसलेला. चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढणारा मी, आता रस्त्याकडेला डब्याच्या झाकणात पाणी घेऊन बुडबुडे शोधत होतो. जादा ट्यूब एकच होती, म्हणून पॅच लावला. त्यात दीड-दोन तास गेले.

चांपानेरला पोचलो तेव्हा दुपार. महमूद बेगड्याने १४८४ मध्ये हा गड घेतला आणि खाली आपली राजधानी वसवली. २००४ पासून ते जागतिक वारशाच्या यादीत आहे. आपल्याकडची मंडळी मात्र माताजीचं दर्शन घेऊन थेट परत येतात, जामी मशिदीची कोरीव जाळी बघायला फार कुणी थांबत नाही. मी थांबलो, दशम्या खाल्ल्या, चहावाल्याकडे सामान ठेवलं आणि माचीचा घाट चढायला लागलो.

चार-पाच किलोमीटरचा रस्ता, पण वळणावळणाला छाती भात्यासारखी. दोनदा उतरून सायकल ढकलली. लाज कसली, बघायला होतं कोण? माचीवर पोचून खालची शेतं बघितली आणि खरंच सांगतो, साठीला टेकलेला माणूस लहान मुलासारखा हसत होता. हे कुणाला तरी सांगावं म्हणून फोन काढला, तर तो मेलेला. ॲपने सगळी बॅटरी खाल्ली होती. पॉवर बँक घरी, डायनिंग टेबलावर.

उतरून सामान घेतलं आणि शिवराजपूरच्या रस्त्याला एका शेतकऱ्याला विचारलं, तंबू लावू का? त्याने कापलेल्या मक्याचं रान दाखवलं. त्याच्या बायकोने मकाईचा रोटला आणि उडदाची डाळ वाढली आणि विचारलं, "एकला आव्या? घेर फोन कर्यो के नई?"

मी म्हटलं, फोन बंद आहे. तिने लगेच आपला फोन पुढे केला.

आणि मला हिचा नंबर आठवेना. एकतीस वर्षांचा संसार! आठवला तो आमच्या जुन्या लँडलाइनचा, जो कधीच बंद झालाय. मुलीचा नाही, मित्रांचा नाही, कुणाचाच नाही. "नंबर याद नथी" म्हटलं तेव्हा बाईने माझ्याकडे असं बघितलं की मान खाली गेली. पण खोटं कशाला बोलू, मनात कुठेतरी बरंही वाटलं. फोन लागला असता तर एकटा आलोय हे सांगावं लागलं असतं.

रात्री दव पडलं, तंबू आतून ओला झाला, लांब कोल्हे ओरडत होते. भीती वाटली नाही. मी छान झोपलो. तेच आता टोचतं.

सकाळी जरोदच्या टपरीवर फोन चार्जिंगला लावला. सत्तावीस मिस्ड कॉल. संध्याकाळी हिला टेबलावर पॉवर बँक दिसली होती. नऊ वाजता तिने मित्राला फोन केला, तो घरात टीव्ही बघत होता. मग दुसऱ्याला, तो लग्नात. मुलगी पुण्याहून दर अर्ध्या तासाने विचारत होती. शेजारचे गाडी काढून निघायला तयार होते, पण निघणार कुठल्या दिशेने?

घरी पोचलो. वाटलं होतं आरडाओरडा होईल. ही म्हणाली, "दशम्या पुरल्या का?" आणि आत गेली. दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "एकटे गेलात याचा राग नाही हो. मला तिघांचा हिशोब देऊन गेलात, त्याचा आहे. मी रात्रभर तिघांची काळजी करायची, की एकाची, हेसुद्धा मला माहीत नव्हतं."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाही.

त्यानंतर दोनदा गेलो, एकटाच, सांगून. सायकलच्या दांडीवर टेपखाली हिचा नंबर लिहिलाय आणि पाठही केलाय. निघताना ती दारात उभी राहून म्हणून घेते, पाढ्यासारखा. एक आकडा चुकला की पुन्हा पहिल्यापासून.

मंडळी, तुम्हाला घरच्यांचा नंबर पाठ आहे का? फोन न बघता खाली खरं खरं सांगा. नंबर लिहू नका, फक्त हो की नाही.